काळी पाच

बेस गिटार शिकाले जे पोट्टे येतात ना माझ्याकडे, त्यायले मी पहिल्या दिवशी वाजवूच देत नाही. आधी नखं काप, म्हणतो. मंग खाली बस. मंग ऐक. पोट्टे चिडतात. त्यायनं मोबाइलवर कोणीतरी भरभर बोटं फिरवणारा पाहिला असते, त्यायले तसंच पाहिजे, तेही आठ दिवसात. मी म्हणतो, बाप्पा, एवढी घाई असन तं दुसरा मास्तर पाहा. बेस कोणाले ऐकू येत नाही. लग्नात जेवाले बसलेल्या माणसाले विचार, बेस कसा होता, तं तो तुझ्या तोंडाकडे पाहत राहीन. पण मधातच बेस बंद कर, त्याचा घास हातात थांबते. काहीतरी गेलं एवढं त्याले कळते, काय गेलं ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. चार तारा, चार खुंट्या. रोज वाजवाच्या आधी काट्यावर पाहून लावाच्या. आता तं मोबाइलमध्येच ट्यूनर येते. तार छेडली का काटा डावीकडे-उजवीकडे हलते, बरोबर मधात आला का तार सुरात. मी कळमन्याच्या मार्केटात मापारी आहे, सकाळपासून पोत्यांची वजनं पाहतो, मले काट्याची आदत आहे. पोट्ट्यायले मी सांगतो, सगळी गाण्याची पार्टी तुझ्या सुरावर उभी आहे. गाणारा चुकला तं लोक माफ करतात, पण तू सूर चुकीचा दिला तं चांगला गाणाराही फसते. पंचवीस वर्षांपासून हे सांगून राहिलो मी, तोंड वर करून. म्हणून दिवाळीनंतर एका रविवारी माझी पोरगी म्हणाली, बाबा, मले बेस शिकवा, तेव्हा मी तिच्याकडे न पाहता नाही म्हटलं.

पोरगी म्हणजे पायल. बावीस वर्षांची आहे, एका लॅबमध्ये लोकायचं रक्त काढते. हात इतका हलका की म्हातारे लोक तिलेच मागतात. सक्करदऱ्याच्या तलावामागं आमचं घर, घरात आता आम्ही दोघंच. तिची आई प्रेमिला त्याआधीच्या जानेवारीत गेली. गळ्याचा कॅन्सर. अन् प्रेमिला गाणारी बाई होती, गळ्यावरच तिचं सगळं होतं.

पायलच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. प्रेमिलाच्या शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलवर आहे. त्यात गाणं साफ ऐकू येते, ढोलक ऐकू येते, कीबोर्ड ऐकू येते, पण बेस येत नाही. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस येतच नाही, त्याचा इलाज नाही. तं हिचं म्हणणं असं, की जानेवारीत विहारात आईचा पहिला स्मृतिदिन कराचा, तिथं हे गाणं लावाचं, अन् खाली बेस मी वाजवीन. तुमी तं आता हात लावत नाही, म्हणे, मंग मले शिकवा. आईच्या गाण्यात तुमची जागा रिकामी राहिली, ती मले पाहवत नाही.

असं पोरगी बोलली तं कोणता बाप नाही म्हणन. मी तीनदा नाही म्हटलं. कारण बेस भिंतीवर टांगला होता, शेवटच्या कार्यक्रमात होता तसाच, अन् त्याच्या चारही तारा दीड सूर खाली उतरवलेल्या होत्या. त्या कोणी उतरवल्या अन् काहून उतरवल्या, हे जगात दोघांनाच माहीत होतं, मले अन् आमच्या पार्टीतल्या कृष्णकांतले. पायलले ते कळलं तं ती मले पुन्हा बाप म्हणन का, एवढा एकच प्रश्न मले होता. दुसरा कोणताच नव्हता.

आता सांगतोच सगळं.

आमची पार्टी म्हणजे भीमजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्नं अन् विहारातले कार्यक्रम. प्रेमिला गाये, कृष्णकांत कीबोर्डवर, मी बेसवर, ढोलकवाले बदलत राहत. तिचं एक गाणं होतं, लोक त्याले कडेवरचं गाणं म्हणत. तिच्या बापानं बांधलेलं. छप्पन साली त्याच्या मायनं त्याले कडेवर घेऊन पायी दीक्षेले नेलं होतं, त्याची गोष्ट. पोरगं विचारते, माय, आपण कुठं चाललो. माय दोनदा काही बोलत नाही, चालत राहते. तिसऱ्यांदा सांगते, अन् ती ओळ एकदम वर जाते. त्या ओळीसाठी लोक उमरेडहून, काटोलहून येत. मी हजारदा वाजवलं असन, पण त्या ओळीले माझ्या अंगावर काटा येई.

गाणारा कोणत्या सुरापासून गाते ती त्याची पट्टी. आम्ही ऑर्केस्ट्रावाले ती पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्यांवरून सांगतो. प्रेमिलाची पट्टी काळी पाच. उंच पट्टी आहे ती, एकोणीस वर्षांची होती तेव्हापासून. तिच्या बरोबरीच्या बाया हळूहळू उतरल्या, कोणी काळी दोनवर आली, कोणी गाणं सोडून कोरसमध्ये बसली. ही हलली नाही. तिले त्याचा भल्ला गर्व होता, अन् काहून नसावा.

अन् तिची एक सवय होती. ती सूर घ्याले कीबोर्डकडे पाहत नसे, माझ्या डाव्या हाताकडे पाहे. बेसच्या मानेवर धातूच्या आडव्या रेघा असतात, त्यायले फ्रेट म्हणतात. जाड्या तारेवर सहावा फ्रेट म्हणजे काळी पाच. माझं बोट सहाव्या फ्रेटवर दिसलं का ती डोळे मिटे अन् सुरू करे. लग्नाच्या आधीपासून असंच. मी एकदा म्हटलं, अवं, कधी लोकायकडेही पाहत जा. तं म्हणे, तुमचं बोट तिथं दिसलं का मले दुसरं काही पाहाचं काम नाही.

तीन वर्षांआधी थंडीत एका विहारात कार्यक्रम होता. तिसऱ्यांदा माय सांगते त्या ओळीले प्रेमिलाचा आवाज फाटला. जुना पदर फाटते तसा, सरळ. लोकायनं टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. पण घरी येताना ती गाडीवर माझ्या पाठीले डोकं टेकवून रडली, सक्करदऱ्यापर्यंत. दोन दिवस धड जेवली नाही. मंग स्वतःच म्हणे, रामदासपेठेत नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे, त्याले दाखवून येऊ, तुमी चाला माझ्यासोबत. फोन करून तिनं मंगळवारचा नंबर लावला. त्याआधी रविवारी मात्र एक लग्न होतं.

खरं सांगतो, मले तिचं ते तोंड पाहवत नव्हतं. एवढंच होतं. कोणाचा फायदा नाही, कोणाले फसवाचं नाही. मी कृष्णकांतले बाजूले घेतलं अन् म्हटलं, कीबोर्डचं ते ट्रान्सपोजचं बटन दाब, अर्धा सूर खाली घे, कोणाले कळत नाही. तो हसला. म्हणे, वहिनीले सांगू नका गा, माझी पार्टी सुटन. मी चारही तारा अर्धा सूर ढिल्या केल्या. बोट तिथंच ठेवलं, सहाव्या फ्रेटवर. प्रेमिलानं बोट पाहिलं, डोळे मिटले, अन् ती ओळ अशी गेली की नवरदेवाचा बाप जागेवरून उठून उभा राहिला. त्या दिवशी ती नव्या नवरीसारखी हसत घरी आली. सोमवारी सकाळी म्हणे, काही नाही जी, सर्दी होती, खालीपिली घाबरली मी. अन् डॉक्टरचा नंबर फोन करून रद्द केला. माझ्यासमोर केला. मी तिथंच चहा पिऊन राहिलो होतो.

तेव्हा बोललो असतो तं काय झालं असतं, हे मले नका विचारू. मी स्वतःले रोज विचारतो, तेवढं पुरे आहे.

मंग पुन्हा उतरवली. मंग पुन्हा. दीड वर्षात तीनदा. काळी पाचवरून पांढरी सहा, तिथून काळी चार, तिथून पांढरी पाच. तारा इतक्या ढिल्या झाल्या की फ्रेटवर भणभण करत. प्रेमिलानं विचारलं तं म्हटलं, तारा जुन्या झाल्या वं, बदलतो. तिसऱ्या वेळी कृष्णकांतनं बटन दाबलं नाही. म्हणे, संघपालभाऊ, आता हसण्यावारी नेऊ नका, वहिनीले सांगून टाका. मी म्हटलं, जयंती होऊ दे. जयंतीत ती दिवसाले तीन-तीन कार्यक्रम करे, मले तिचा सीझन खराब कराचा नव्हता. कृष्णकांतनं बटन दाबलं.

पायलच्या मोबाइलवरचा व्हिडिओ त्याच जयंतीचा. गाणं संपल्यावर टाळ्या चालू असताना प्रेमिला माइकवर हसून म्हणते, "आजही काळी पाच, बरं का." तिच्या पट्टीवर लोक पैजा लावत, त्यायच्यासाठी म्हणाली ती.

मे महिन्यात तिले पाणी गिळाले त्रास होऊ लागला. मंग गळ्यावर गाठ दिसली. आधी सुस्ती केली अन् मंग धावाधाव, तसं झालं आमचं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डॉक्टर तपासून राहिला होता. पोट्टाच होता वयानं, पण समजदार. तो म्हणे, गाठ आवाजाच्या नसेपर्यंत गेली आहे, ताई, तुम्ही गाता ना, मग वरचा आवाज कधीपासून उतरला? गाणाऱ्यांना हे सगळ्यांच्या आधी कळतं, म्हणून ते वेळेवर येतात. प्रेमिला गळ्याले रुमाल गुंडाळून बसली होती. ती ताठ झाली.

"डॉक्टर साहेब, जयंतीपर्यंत मी काळी पाचमध्ये गायली," ती म्हणाली. "विचारा यायले."

अन् तिनं माझ्याकडे पाहिलं. स्टेजवर पाहे तसं. मी हो म्हणून मान हलवली. पायल तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, तिनंही ते पाहिलं.

त्यानंतर आठ महिने. ऑपरेशन झालं, आवाज गेला. प्रेमिला पाटीवर लिहून बोले. एकदा तिनं लिहिलं, गळा गेला पण पट्टी नाही सोडली. मी ती पाटी ओल्या फडक्यानं पुसली, हळूच, अन् तिले म्हटलं, हो. मरेपर्यंत मी तिले सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं. पायल मात्र नंतरही म्हणत राहे, बाबा, आईले काहीच कसं कळलं नाही, आईसारख्या बाईले. रिपोर्ट काढून काढून पाहे. मी अंगणात जाऊन बसे.

तं अशा घरात ती मले म्हणून राहिली, बेस शिकवा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण मले एक शहाणपण सुचलं. ती लॅबमध्ये गेल्यावर मी बेस खाली काढला, मोबाइल समोर ठेवला अन् चारही तारा वापस चढवल्या, बरोबर काट्यावर. दहा मिनिटांचं काम. झालं, पुरावा गेला. प्रेमिलाची शेवटची पट्टी त्या तारांत होती, ती मी माझ्या हातानं पुसली, अन् संध्याकाळी पोरीले हसून म्हटलं, ये, बस.

शिकवाले काही कठीण नव्हतं. पोट्ट्यायले सांगतो तेच तिले सांगितलं. पंधरा दिवस एकच तार अन् एकच सूर, पायानं ठेका धरून. बोटाले फोड येईन, तो फोडाचा नाही, त्याचं कातडं होऊ द्याचं. तार जोर लावून दाबाची नाही, फ्रेटच्या लगेच मागं दाबाची, तं कमी ताकदीत सूर साफ निघते. सूर वाजवणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच तो वेळेवर बंद करणं. घाई झाली असं वाटलं का घाईच झाली समजाचं. ती रविवारी दुपारी दोन-दोन तास बसे. तिचा कान प्रेमिलाचा आहे, सूर जरासा सरकला का तिच्या कपाळावर आठी पडे. मले आनंद होई अन् भीतीही वाटे, दोन्ही एकदम.

डिसेंबरात तिनं कडेवरच्या गाण्याचा बेस बसवला. लहानपणी स्टेजच्या कोपऱ्यात बसून माझं बोट तिनंही पाहिलं होतं, म्हणून बोट सरळ सहाव्या फ्रेटवर ठेवलं. मोबाइलवर आईचं गाणं लावलं अन् वाजवलं. कसं जुळणार. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडून राहिले होते. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मंग शोधत शोधत ती तिसऱ्या फ्रेटवर आली, तिथं जुळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणे, बाबा, तिसऱ्यावर तं पांढरी पाच होते ना, आई तं काळी पाच म्हणून राहिली इथं. मंग माझंच काही चुकून राहिलं का?

देवानं, म्हणजे मी देव मानत नाही, पण जे कोणी असन त्यानं मले तिथं एक दार उघडून दिलं होतं. मी ते लावून घेतलं. मी म्हटलं, बेटा, तुझा कान अजून कच्चा आहे, वर्षं लागतात त्याले.

तिनं वाद घातला नाही. मास्तरनं सांगितलं म्हणजे खरं. बेस खोळीत घातला, भिंतीवर टांगला, अन् म्हणे, जाऊ द्या, स्मृतिदिनाले नुसतं रेकॉर्डिंगच लावू, आईचा कान मले नाही आला. मले जे पाहिजे होतं ते मले भेटलं होतं. गोष्ट दबली होती कायमची.

दहा दिवस गेले. पायलची एक जुनी आदत होती, पोळ्या करताना ती गुणगुणत राहे. त्या दहा दिवसांत काय होऊ लागलं, की ती गुणगुणणं सुरू करे अन् अर्ध्या ओळीत थांबे. पुन्हा सुरू करे, पुन्हा थांबे. स्वतःचंच ऐकून तिले वाटे आपलं चुकून राहिलं. एका संध्याकाळी मी पुढच्या खोलीत जोडे पुसत बसलो होतो. तिचा सूर बरोबर होता हो, एकदम बरोबर होता. अन् ती थांबून राहिली होती. माझ्या हातातला जोडा तसाच राहिला. प्रेमिलाले मी सांगितलं तुझा गळा चांगला आहे, तो चांगला नव्हता. पोरीले सांगितलं तुझा कान खराब आहे, तो खराब नव्हता. एका घरातल्या दोन बायांना त्यायच्याच शरीराबद्दल मी खोटं सांगितलं. मले माझीच एवढी घृणा आली की उठून मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

त्याच रविवारी मी तिले बोलावलं. बेस काढला, मोबाइल ठेवला, अन् तिच्यासमोर एकेक तार उतरवत गेलो. अर्धा सूर, अर्धा सूर, अर्धा सूर. ती पाहत होती. मंग बेस तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, बोट सहाव्यावर ठेव अन् गाणं लाव.

तिनं लावलं. पहिल्या सुरापासून जुळलं. प्रेमिला गाऊन राहिली होती, खाली माझी रिकामी जागा भरत चालली होती, अन् तारा तशाच भणभण करत होत्या. पायलचं तोंड आधी खुललं. मंग अंतऱ्यापर्यंत ते हळूहळू बदललं. पोरगी हुशार आहे, अर्धं तिले तिथंच कळलं. तिनं हात थांबवला, गाणं चालूच राहिलं. मी सगळं सांगितलं. लग्नातलं बटन, सोमवारचा फोन, कृष्णकांत, जयंती. काही सोडलं नाही, काही सजवलं नाही. मधात प्रेमिलाचा आवाज आला, आजही काळी पाच, बरं का, अन् व्हिडिओ संपला.

पायलनं विचारलं, "डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुमी हो म्हटलं होतं ना?"

"हो."

"आईले शेवटपर्यंत नाही सांगितलं?"

"नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. मले वाटलं होतं ओरडन. ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं बेस माझ्या हातात दिला नाही, स्वतः उठून भिंतीवर टांगला, अन् कुकर लावाले गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते सगळं. जेवून घ्या, बीपीची गोळी घेतली का, गॅसवाला आला होता. पण बाबा म्हणत नाही. मी आधी ध्यान दिलं नाही, मंग मोजू लागलो. तीन आठवडे झाले होते स्मृतिदिनापर्यंत, एकदाही नाही.

विहारात शंभरेक लोक होते. भंतेजींनी वंदना घेतली, पुण्यानुमोदन झालं. कृष्णकांत आला होता, मागच्या रांगेत मान खाली घालून बसला. पायल पांढऱ्या साडीत समोर बेस घेऊन बसली होती, दीड सूर खालचाच. मले वाटलं ती मले बाजूले बसू देणार नाही. पण तिनं हातानं बोलावलं अन् मोबाइलचा ट्यूनर माझ्याकडे फिरवला. आता ती माझ्या कानावर विश्वास ठेवत नाही, काटा पाहून सांगा म्हणते. आणताना खुंटीले धक्का लागून जाडी तार सरकली होती.

"थोडी खाली आहे," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं नाही. "थोडी म्हणजे किती?"

मी काटा पाहिला अन् बरोबर आकडा सांगितला. तिनं खुंटी फिरवली, पुन्हा छेडली, पुन्हा विचारलं. काटा मधात आला तेव्हाच तिनं बोट सहाव्या फ्रेटवर ठेवलं अन् गाणं सुरू केलं. काय वाजवलं पोरीनं. एक सूर पुढं नाही, एक मागं नाही. तिसऱ्यांदा माय सांगते तिथं लोकायनं डोळ्याले पदर लावले. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो, मले दुसरीकडे पाहाची हिंमत नव्हती. मंग टाळ्यांचा आवाज आला, अन् त्यात प्रेमिला हसून बोलली तेच, आजही काळी पाच.

सिंधूताई उठून समोर आल्या. त्या प्रेमिलाच्या मागं कोरसमध्ये वीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाई. डोळे पुसत त्यायनं पायलच्या तोंडावरून हात फिरवला अन् मले म्हणाल्या, माझी मैतरीण मरेपर्यंत उतरली नाही, काळी पाच म्हणजे काळी पाचच, हो ना संघपालभाऊ?

लोक ऐकून राहिले होते. मी ठरवलं होतं की आता एकही शब्द खोटा बोलाचा नाही. तोंड उघडलं. कृष्णकांतनं मागून मान वर केली, एवढं मले दिसलं.

"हो, सिंधूमावशी," पायल माझ्या आधी बोलली. "काळी पाचच होती."

सिंधूताई समाधानानं बसल्या. पायलनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं बेस खोळीत घातला, पण ज्या हलक्या हातानं ती लोकायचं रक्त काढते त्या हातानं चेन काही लागेना. मी चेन लावाले पुढं झालो. तिनं माझा हात बाजूले केला, हळूच, अन् म्हणाली, चला, लोकायले जेवाले वाढाचं आहे.